स्मार्ट बनियनांबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : हृदयाचे ठोके चुकीचे दाखवणारी चार बनियनं परत घेऊन पैसे देण्याबाबत

महोदय,

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात लष्करभरतीची तयारी करणाऱ्या पोरांकडून मी रोज पहाटे १६०० मीटर पळवून घेतो. गेल्या उन्हाळ्यात एक पोर चक्कर येऊन पडलं, म्हणून पालकांनी वर्गणी काढून जूनमध्ये तुमची बनियनं मागवली. ठोके धोक्याच्या पातळीवर गेले की मोबाइलवर इशारा येणार, अशी जाहिरात होती. पोरं त्यांना ‘करंटचं बनियन’ म्हणतात.

इशारे भरपूर आले. बुटाची नाडी बांधत बसलेल्या पोराचे ठोके म्हणे २१२! मी मानेवर बोटं ठेवून १५ सेकंदांत १९ मोजले, म्हणजे ७६. तुमच्या माणसाने सांगितलं, छातीवरच्या ठोके टिपणाऱ्या पट्ट्या कोरड्या असल्या की असं होतं, ओल्या करून घाला. घातल्या. चार दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. शेवटी इशारा वाजला तरी मीही मोबाइल खिशातून काढेनासा झालो.

ऑगस्टमध्ये शेवटच्या फेरीत एक पोर मटकन बसलं, ओठ पांढरे. ठोके बोटांना मोजता येईनात इतके जलद, आणि मोबाइलवर ९४, हिरवा दिवा. समाजमंदिराच्या पायरीवर आडवं करून पाय वर घेतले, तेव्हा सावरलं.

तुम्ही वॉरंटी नाकारलीत, कारण बनियनं चुलीजवळ वाळवल्याने पट्ट्यांवरचा चांदीचा मुलामा गेला. तीन वाळवली, कबूल. आमच्याकडच्या पावसात सावलीत टाकलेला कपडा तिसऱ्या दिवशीही कुबटच असतो. धुण्यावाळवण्याच्या सूचना बारीक इंग्रजीत. तुमचे फोन कन्नडात येतात, मला कन्नड येतं, तक्रार नाही. मग सूचना मराठीत नाही तर कन्नडात तरी छापायच्या होत्या. पण ९४ दाखवणारं बनियन चौथं, माझ्या घरी पंख्याखाली वाळलेलं. त्याचं काय?

पंधरा दिवसांत चारही बनियनांचे पैसे परत करा. तुमचं ऑफिस लांब असलं तरी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मला बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि मी करणार.

बिलाची प्रत आणि मोबाइलवरच्या आकड्यांचे फोटो जोडले आहेत. बनियनं न्यायला माणूस पाठवा, कुरिअरचा खर्च मी करणार नाही.

आपला,
एक ग्राहक, खानापूर तालुका, जि. बेळगाव