शेडिंगचे मशीन निवडताना आधी त्वचा पाहावी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नाशिकमध्ये कॉलेज रोड आणि गंगापूर रोड परिसरात टॅटूच्या व्यवसायात येऊ पाहणारे तरुण मला वारंवार भेटतात आणि २०२७ चा सिंहस्थ डोळ्यांसमोर ठेवून त्यांतील अनेकांनी आत्तापासूनच साहित्याची जमवाजमव सुरू केली आहे. महादेव, शिवराय किंवा आईवडिलांचा चेहरा अशी कामे ग्राहक हमखास मागतात आणि ती बहुधा काळ्या-करड्या छटांमध्येच केली जातात. मशीन घेताना मात्र किंमत किती, बॅटरी किती तास चालते आणि मशीन किती वेगाने पळते, एवढेच विचारले जाते. शेडिंगचे, म्हणजे छटा भरण्याचे, काम या तीन गोष्टींवर ठरत नाही, म्हणून हे पत्र.

पहिली चौकशी स्ट्रोकची व्हावी. सुई वरून खाली जितके अंतर कापते तो स्ट्रोक. साधारण ४ मिलिमीटर किंवा त्याहून लांब स्ट्रोकचे मशीन जोरकस घाव घालते. ते लाइनिंगला, म्हणजे रेषा काढायला, आणि ठासून रंग भरायला उत्तम. मऊ, उतरत जाणाऱ्या छटांसाठी २.५ ते ३ मिलिमीटरचा आखूड स्ट्रोक सोयीचा, कारण सुईचा मारा हलका राहतो आणि त्याच जागेवरून दोन-तीनदा हात फिरवला तरी त्वचा फाटत नाही. एकाच मशीनवर सगळी कामे करायची असतील, तर ३.५ मिलिमीटरची तडजोड चालून जाते. विक्रेत्याला स्ट्रोक सांगता येत नसेल, तर ते मशीन शेडिंगसाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट मोटरच्या ताकदीची, आणि नेमकी हीच स्वस्त संचांमध्ये मार खाते. शेडिंग कमी व्होल्टेजवर करायचे असते, विशेषतः मिरपुडीसारखे ठिपके सुटे दिसावेत अशी पेपर शेडिंग करताना सुई संथ आणि हात चपळ लागतो. कार्ट्रिजमधला, म्हणजे सुई बसवलेल्या बदलत्या नळीतला, रबरी पडदा सुईला सतत मागे खेचत असतो आणि त्वचेचा विरोध वेगळाच. अशा वेळी कमकुवत मोटर कमी व्होल्टेजवर अडखळते, छटा तुटक पडते, मग कलाकार व्होल्टेज वाढवतो आणि हलक्या हाताने करायचे काम दणक्याने होऊ लागते. एका मशीनवरचे ६ व्होल्ट दुसऱ्या मशीनवरच्या ६ व्होल्टइतके नसतात, हेही शिकणाऱ्यांना कोणी सांगत नाही. म्हणून मशीन विकत घेण्यापूर्वी ते मंद गतीवर सरावाच्या कृत्रिम त्वचेवर चालवून पाहणे अत्यावश्यक आहे.

हे सारे आपल्याकडे अधिक काटेकोरपणे पाळावे लागते. शाई त्वचेत साधारण १ ते २ मिलिमीटर खोलीवर बसते आणि त्वचेच्या वरच्या थरातील मेलॅनिन या रंगद्रव्यामधूनच ती आपल्याला दिसते. गोऱ्या त्वचेवर ग्रे वॉशची, म्हणजे पातळ केलेल्या काळ्या शाईची, जी फिकट छटा उठून दिसते, ती गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर जखम भरल्यानंतर जवळजवळ नाहीशी होते. नवखा कलाकार ती दिसावी म्हणून तोच भाग पुन्हा पुन्हा घासतो. मशीनचा मारा कठोर असेल तर त्वचा दुखावते, जागा काळवंडते आणि काहींना केलॉइडही (व्रणाच्या फुगीर गाठी) येतात. गडद छटा नीट गडद ठेवून उजेडाच्या जागी त्वचाच मोकळी सोडणे हा त्यावरचा उपाय, पण त्यासाठीही हलक्या हाताने थर चढवू देणारेच मशीन लागते. सोबत मॅग्नम सुई (अनेक सुयांचा रुंद, चपटा संच), त्यातही कडा वळलेली कर्व्ह मॅग्नम असावी, म्हणजे टोकाच्या सुया त्वचेला ओरखडत नाहीत.

‘खरी छटा कॉइल मशीननेच येते’ असे काही ज्येष्ठ सांगतात. कॉइलमध्ये विद्युतचुंबक सुई हलवतो, तर रोटरीत फिरती मोटर. नीट जुळवलेल्या कॉइलची स्प्रिंग त्वचेला सांभाळून घेते हे खरे आहे, आणि ती जुळवण्याचे त्यांचे कसब मला आदरणीय वाटते. परंतु काळ्या-करड्या शैलीचा इतिहास या दाव्याला दुजोरा देत नाही. ही शैली कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांतून वर आली. तिथले कैदी कॅसेट प्लेअरची मोटर आणि गिटारची तार जोडून मशीन बनवत, म्हणजे ती रोटरीच होती. १९७५ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमध्ये गुड टाइम चार्लीज हे दुकान उघडले आणि तिथून ही शैली व्यावसायिक टॅटूमध्ये रुजली. कॉइल की रोटरी, यापेक्षा मारा किती मऊ आणि गती किती स्थिर, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

पेनासारखे हातात धरायचे, कार्ट्रिजवर चालणारे पेन मशीन घेणाऱ्यांनी पडदा नसलेली कार्ट्रिज पैसे वाचवण्यासाठी कधीही वापरू नयेत. पडदा नसेल तर रक्तमिश्रित शाई मशीनच्या आत शिरते आणि तेच मशीन पुढच्या ग्राहकासाठी वापरले जाते; हिपॅटायटिस बी आणि सीचा धोका इथे प्रत्यक्ष आहे.

शहरात टॅटूचे वर्ग चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे, की शुल्कासोबत एकच ठरावीक संच विद्यार्थ्याच्या हाती देण्याऐवजी वेगवेगळ्या स्ट्रोकची किमान दोन मशीन वर्गात ठेवावीत, विद्यार्थ्यांना दोन्हींवर हात बसवू द्यावा आणि त्यानंतरच त्यांना खरेदीचा निर्णय घेऊ द्यावा.

आपला,
एक टॅटू कलाकार, नाशिक