मोकळ्या जागेला विमा कशाला, असं मलाही वाटायचं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जमीन घेताना काय बघावं यावर पेपरात बरंच येतं, टायटल क्लिअर आहे का, रस्ता आहे का, मोजणी झाली का, सगळं बरोबरच आहे, पण विम्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही म्हणून हे पत्र लिहितोय. मी मोकळी जागा घेतली तेव्हा मलाही वाटलं, नुसती माती आहे, त्यात जळणार काय आणि चोरीला जाणार काय.

पुढे गवत कमरेएवढं वाढलं म्हणून कापायला माणूस लावला, तर तो मधेच थांबला आणि हाक मारायला लागला. जाऊन बघतो तर जुनी विहीर, कठडा नाही, तोंडावर कुजलेल्या फळ्या आणि त्यावर वेल पसरलेला. शेजारूनच पायवाट गेलेली आणि चिखलात लहान मुलांच्या चपलांचे ठसे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग चौकशी केल्यावर कळलं की विमा मातीचा नसतोच, जमीन खचली किंवा वाहून गेली तर साध्या पॉलिसीत काही मिळत नाही. खरा विमा हवा तो लायबिलिटीचा, म्हणजे आपल्या जागेत दुसऱ्या कोणाला इजा झाली आणि आपल्याला जबाबदार धरलं तर भरपाई आणि बहुतेक वेळा वकिलाचा खर्चसुद्धा त्यातून निघतो. 'तो न विचारता आत शिरला' हे उत्तर दरवेळी चालत नाही, मुलांच्या बाबतीत तर नाहीच, कारण विहीर, खाण, मोडकी शेड असलं काही दिसलं की मुलं तिकडे जाणारच हे मालकाला कळायला हवं, असं बऱ्याच देशांत कोर्टं मानतात.

घराच्या पॉलिसीत हे आपोआप येईल असं कृपा करून धरून चालू नका. काही पॉलिसींमध्ये मोकळा प्लॉट येतो, काहींमध्ये येत नाही, आणि येत असला तरी बांधकाम सुरू केलं की बऱ्याचदा तो 'मोकळा' राहत नाही, मग बांधकामाची वेगळी पॉलिसी लागते आणि कंत्राटदाराकडे स्वतःचा विमा आहे का त्याचा कागद मागून घ्यावा लागतो. जागा कोणाला भाड्यानं किंवा कसायला दिली तरी कंपनीला कळवायला हवं. कोणी रात्रीत राडारोडा किंवा केमिकल आणून टाकलं तर प्रदूषणाचा खर्च बहुतेक पॉलिसींतून वगळलेला असतो, त्यामुळे वगळलेल्या गोष्टींचं पान आधी वाचा.

टायटल इन्शुरन्स ही वेगळीच गोष्ट, लोक दोन्हीत गल्लत करतात. तो मागच्या घोळांसाठी असतो, खोटी सही, लपवलेला वारस, जुना बोजा वगैरे. विहिरीत कोणी पडलं तर त्याचा काही उपयोग नाही.

आपल्या पेपरात यावर एखाद्या जाणकाराकडून सविस्तर लिहून घ्यावं ही कळकळीची विनंती. मी विहिरीवर लोखंडी जाळी बसवली, पायवाटेच्या तोंडाशी फाटक लावलं आणि दोन्हीचे फोटो पॉलिसीच्या फॉर्मला जोडले, विहीर आहे हेही स्पष्ट लिहिलं, कारण लपवलं तर क्लेमच्या वेळी कंपनी नेमकं त्यावरच बोट ठेवते.

आपला,
एक नियमित वाचक