गाडी नवी, वायरिंग जुनं

संपादक महोदय,

पुतण्यानं इलेक्ट्रिक कार आणली आणि कूलरच्याच प्लगाला लावली. तासाभरात प्लग वितळला. घरचा चार्जर साधारण 3.3 किलोवॅटचा, म्हणजे 14-15 अँपिअर, तेही रात्रभर. त्याला मीटरपासून वेगळी 4 चौरस मिमी तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवी. वीज कंपनीकडून घराचा मंजूर भारही वाढवून घ्यावा लागतो. पण खरी गोम अर्थिंगची. आमच्याकडची काळी माती मे महिन्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, अर्थिंग कमजोर होतं आणि चार्जर लाल दिवा दाखवून बसतो. (खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं कुणाच्या ध्यानात राहतं?) गाडी देण्याआधी विक्रेत्यानं घरचं अर्थिंग मोजून द्यावं, अशी सक्ती का नाही?

– एक शेतकरी वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ