छातीत दुखतंय आणि टीएमटीचं कूपन

महोदय,

वर्तमानपत्रात घालून येणारी 'हार्ट चेकअप, टीएमटीसह' (टीएमटी म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालवून ईसीजी बघण्याची चाचणी) अशी सवलतीची पत्रकं हल्ली घरोघर जपून ठेवलेली दिसतात. परवा शेजारचे एक काका तसंच पत्रक घेऊन विचारायला आले. दोन दिवस बसल्या जागी छातीत आवळून येत होतं, म्हणून 'पट्ट्यावर चालून एकदाचं बघून घेऊ' असा त्यांचा बेत. त्यांना रिक्षात बसवून थेट इस्पितळात पाठवलं.

जिना चढताना दुखतं, थांबलं की जातं, अशांसाठी टीएमटी ठीक. पण नव्यानं सुरू झालेलं, वाढत चाललेलं किंवा बसल्या जागी येणारं दुखणं अनस्टेबल अँजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून होणारं आणि झटक्याकडे जाऊ शकणारं दुखणं, असू शकतं. अशा माणसाला पट्ट्यावर चालवणं म्हणजे झटक्याला आमंत्रण. दुखणं थांबून 12 ते 24 तास गेले आणि ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) ठीक आले, तरच डॉक्टर त्याचा विचार करतात.

तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, नोकरी करताना 'ईसीजी नॉर्मल आहे, गॅस असेल' हे वाक्य फार ऐकलं. रुग्ण आल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी निघायला हवा हे खरं, पण दुखणं ओसरल्यावर काढलेली ईसीजीची पट्टी साफ येऊ शकते. पुन्हा दुखलं की पुन्हा काढायची. ट्रोपोनिनही वाढायला साधारण 3 ते 6 तास घेतं, त्यामुळे लवकर केलेल्या एकाच चाचणीवर रुग्णाला घरी धाडू नये. ॲसिडिटीच्या इंजेक्शननं बरं वाटलं हाही पुरावा नव्हे. अँजायना आपसूकही थांबतो. बायका तर कित्येकदा 'पाठ भरून आलीय, घाम सुटला' एवढंच सांगतात, तेही घरचं आवरून झाल्यावर.

नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी 2008 मध्ये मांडलेला 'हार्ट स्कोअर' इथे उपयोगी पडतो. दुखण्याची हकीकत, ईसीजी, वय, मधुमेह-बीपी-तंबाखूसारखे धोके आणि ट्रोपोनिन, प्रत्येकाला 0 ते 2 गुण. बेरीज 3 किंवा कमी असेल तर धोका कमी. 7 किंवा जास्त असेल तर दाखल करायलाच हवं. कुणाला घरी पाठवता येईल आणि कुणाला दाखल करायचं, हे ठरवायला याची मदत होते.

आरोग्य विभागानं हे पाच रकाने केसपेपरवरच छापावेत आणि ग्रामीण रुग्णालयांत ट्रोपोनिनचं किट रात्रपाळीलाही हाताशी ठेवावं. किट कपाटात आणि किल्ली घरी गेलेल्या माणसाकडे, हे चालणार नाही.

– एक निवृत्त परिसेविका, रत्नागिरी जिल्हा