उन्हाळी खगोल संशोधन आणि आपले परीक्षांचे वेळापत्रक: उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य
यांस सादर नमस्कार.

महोदय,

खगोलशास्त्राच्या बाबतीत महाराष्ट्राइतके भाग्य देशातल्या फार थोड्या राज्यांच्या वाट्याला आले आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे आणि ती चालवणारे एनसीआरए हे केंद्र पुण्यात आहे. त्याच्या शेजारीच, १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेली आयुका ही विद्यापीठांसाठीची खगोलशास्त्र संस्था आहे आणि मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. असे असूनही राज्यातील एखाद्या संलग्न महाविद्यालयात बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्याला उन्हाळ्याचे आठ आठवडे या संस्थांमध्ये संशोधनासाठी घालवणे अवघड जाते. त्यामागच्या कारणांपैकी निदान एक कारण दूर करणे पूर्णपणे राज्याच्या हाती आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. मी पदवी वर्गांना भौतिकशास्त्र शिकवतो.

संधी नाहीत असे नाही. आयुका सुट्टीतील विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम चालवते, एनसीआरए आणि टाटा संस्था अभ्यागत विद्यार्थ्यांना उन्हाळी संशोधनासाठी बोलावतात आणि देशाच्या तीन विज्ञान अकादमी मिळून विद्यार्थ्यांना व शिक्षकांना उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. परदेशातील कार्यक्रमांकडे बोट दाखवण्यात फारसा अर्थ नाही, कारण अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या खर्चाने होणारा सर्वात मोठा पदवीपूर्व संशोधन कार्यक्रम मुख्यतः तिथल्या नागरिकांसाठी व कायम रहिवाशांसाठी आहे. आपल्या विद्यार्थ्यांना जे मिळायचे ते इथेच मिळायला हवे.

उन्हाळ्यात खगोलशास्त्राचे काम होईलच कसे, असा एक आक्षेप मी अनेकदा ऐकतो. मे महिन्यात मृग नक्षत्र सूर्यापाठोपाठ मावळते आणि जूनमध्ये आकाश झाकले जाते, हे खरेच आहे. पण या शास्त्राचे काम आता केवळ रात्रीच्या निरीक्षणावर चालत नाही. युरोपच्या गाया उपग्रहाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीत सुमारे १४६ कोटी ताऱ्यांची स्थाने, लंबन (ज्यावरून अंतर काढतात ते स्थानातले भासमान सरकणे) आणि गती आहेत, आणि ती कोणालाही विनामूल्य मिळतात. टूमास आणि वाइज या अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशातील आकाश सर्वेक्षणांच्या याद्याही खुल्या आहेत. जीएमआरटीची जुनी निरीक्षणे ठराविक मुदतीनंतर सर्वांना उपलब्ध होतात. साधा संगणक, इंटरनेट आणि पायथन या संगणकीय भाषेची ओळख एवढ्या भांडवलावर खरे संशोधन सुरू करता येते. प्रयोगशाळेवर लाखो रुपये खर्च न करता पदवीच्या विद्यार्थ्याला संशोधनाच्या ऐन सीमेवर नेऊन उभे करणारे विषय विज्ञानात फार थोडे आहेत.

ताराजन्माचा विषय तर यासाठी विशेष सोयीचा आहे. तारे वायू आणि धुळीच्या थंड रेण्वीय मेघांमध्ये जन्मतात. या मेघांचे तापमान उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि त्यांतील धूळ दृश्य प्रकाश अडवते, अवरक्त प्रकाश मात्र बराचसा बाहेर येऊ देते. नवजात ताऱ्याभोवती वायू व धुळीची तबकडी फिरत असते. ती ताऱ्याच्या उष्णतेने तापते आणि स्वतः अवरक्त प्रारण सोडते, त्यामुळे असा तारा नुसत्या ताऱ्याकडून अपेक्षित असते त्यापेक्षा अवरक्तात अधिक तेजस्वी दिसतो. ही तबकडी काही दशलक्ष वर्षांत विरून जात असल्याने तिच्या खुणा म्हणजे ताऱ्याच्या कोवळ्या वयाचा पुरावा. पदवीचा विद्यार्थी टूमास आणि वाइज यांच्या याद्यांवरून ताऱ्यांच्या रंगांचे, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबींवरील तेजातल्या फरकाचे, आलेख काढून असे तरुण तारे वेगळे काढू शकतो. मग गायाच्या माहितीवरून एकाच अंतरावरचे आणि एकाच दिशेने सरकणारे तारे कोणते हे तपासून, वाटेत योगायोगाने दिसणारे परके तारे तो वगळू शकतो.

याच्या पुढचा प्रश्न अधिक रंजक आहे. वस्तुमानाने फार मोठ्या ताऱ्यांचे अतिनील प्रारण भोवतालच्या हायड्रोजनचे आयनीभवन करते, म्हणजे त्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन काढून टाकते, आणि तो तप्त वायू बुडबुड्यासारखा प्रसरण पावतो. शार्पलेस या खगोलशास्त्रज्ञाच्या १९५९ च्या यादीत असे ३१३ प्रदेश नोंदलेले आहेत आणि त्यांतल्या अनेकांच्या वायूचे नकाशे जीएमआरटीच्या तरंगलांबींवर उत्तम काढता येतात. या प्रसरणाच्या दाबाने कडेच्या मेघात नवे तारे जन्मतात, की तिथले तारे तसेही जन्मणारच होते? आठ आठवड्यांत याचे निर्णायक उत्तर मिळेल असे मी म्हणणार नाही. तरुण ताऱ्यांचे वय ठरवण्यातच इतकी अनिश्चितता आहे की अनुभवी संशोधकांमध्येही यावर एकमत नाही. पण आपल्या निष्कर्षावर किती विश्वास ठेवावा हे आकड्यांत मांडायला विद्यार्थी इथे शिकतो, आणि आमच्या प्रात्यक्षिक वह्यांमध्ये, जिथे उत्तर आधीच ठाऊक असते, ते शिकवणे मला कधीच नीट जमलेले नाही.

आता अडचणीकडे येतो. यांतील बरेचसे कार्यक्रम मे महिन्यात सुरू होतात आणि जून-जुलैपर्यंत चालतात. आपल्या विद्यापीठांच्या उन्हाळी सत्राच्या परीक्षा मात्र अनेकदा मे महिनाभर चालतात, कधी जूनमध्ये सरकतात, आणि वेळापत्रक ऐनवेळी बदलले तर निवड झालेल्या विद्यार्थ्याला मिळालेली जागा सोडावी लागते. केंद्रीय संस्थांतील विद्यार्थी तोवर मोकळे झालेले असतात. त्यामुळे आयुका ज्या विद्यापीठांच्या सेवेसाठी स्थापन झाली, त्याच विद्यापीठांचे विद्यार्थी तिच्या दारात उशिरा पोहोचतात. यासाठी नवा निधी लागत नाही. विज्ञान शाखेच्या परीक्षा १० मेपर्यंत संपवाव्यात, आणि ते शक्य नसेल तिथे मान्यताप्राप्त संशोधन कार्यक्रमासाठी निवड झालेल्या विद्यार्थ्याला, त्याचे वर्ष वाया न जाता, वेगळ्या तारखेला परीक्षा देता यावी, एवढा निर्णय पुरेसा आहे. क्रीडा स्पर्धांसाठी आपण अशी सवलत मान्य करतो, मग संशोधनासाठी का नको, याचे समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

श्रेयांकांचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीत आंतरवासिता आली आहेच. उन्हाळी संशोधनाचा अहवाल आणि मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र सादर केल्यावर ते श्रेयांक आपोआप मिळावेत, प्रत्येक वेळी अभ्यास मंडळाकडे अर्जविनंत्या कराव्या लागू नयेत.

पैशांची बाब मात्र थोडी नाजूक आहे. विद्यावेतन मिळाले तरी ते काम सुरू झाल्यानंतर हाती येते, आणि प्रवास, खोलीचे आगाऊ भाडे, पहिल्या महिन्याचे जेवण हा खर्च घरून करावा लागतो. ज्या घरात सुट्टी म्हणजे मुलाच्या कमाईचे महिने असतात, तिथे निवडीचे पत्र येऊनही मुलगा जात नाही. राज्याने निवड झालेल्या विद्यार्थ्याला परतफेडीची अट न घालता सुरुवातीलाच एक रक्कम द्यावी आणि शासकीय वसतिगृहांत सुट्टीच्या काळात जागा द्यावी. निवास ही खरी अडचण विद्यार्थिनींच्या बाबतीत अधिक मोठी असते.

एवढे सगळे केले तरी पुण्या-मुंबईच्या संस्था राज्यातल्या सगळ्या इच्छुकांना सामावून घेऊ शकणार नाहीत, आणि त्यांनी तसे करावे अशी अपेक्षाही नाही. म्हणून माझ्या मते सर्वात महत्त्वाचे काम महाविद्यालयांमध्येच व्हायला हवे. आयुकाशी सहयोगी म्हणून जोडलेले प्राध्यापक अनेक विद्यापीठांत आहेत आणि आयुकाने काही विद्यापीठांमध्ये संशोधन केंद्रांनाही पाठबळ दिले आहे. अशा एकेका प्राध्यापकाभोवती आसपासच्या महाविद्यालयांतील आठ-दहा विद्यार्थी आणि दोन-तीन शिक्षक यांचा उन्हाळी गट उभा राहिला, तर वर वर्णन केलेले काम महाविद्यालयाच्या संगणक कक्षातही होईल. त्यासाठी शिक्षकाने सुट्टीत दिलेला वेळ सेवेत अधिकृतपणे मोजला गेला पाहिजे. आज तो पदरचा वेळ आणि पदरचा खर्च असतो, आणि उत्साही शिक्षक दोन-तीन वर्षांत थकतात. आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेमुळे राज्यातील विद्यार्थ्यांना संशोधन मांडायला मंच मिळाला आहे, परंतु तिथे मांडण्याजोगे काम उभे करण्याची व्यवस्था आपण केलेली नाही.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहत आहे आणि स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे या जागतिक रेडिओ दुर्बिणीतील भारताच्या सहभागासाठी केंद्राने सुमारे १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत. या यंत्रांवर काम करण्याच्या वयात जे येतील ते आज पदवीच्या वर्गात आहेत.

माझी विनंती नेमकी आहे. येत्या उन्हाळी सत्राचे वेळापत्रक ठरण्यापूर्वी आपण राज्यातील अकृषी विद्यापीठांचे कुलगुरू आणि आयुका, एनसीआरए व टाटा संस्था यांच्या प्रतिनिधींची एकत्र बैठक बोलवावी आणि परीक्षांच्या तारखांचा प्रश्न तिथेच निकाली काढावा. उन्हाळी कार्यक्रमांसाठी अर्ज हिवाळ्यातच मागवले जातात, त्यामुळे हा निर्णय दिवाळीपूर्वी जाहीर झाला तरच पुढच्या उन्हाळ्यात त्याचा उपयोग होईल.

आपला विश्वासू,
भौतिकशास्त्राचा एक प्राध्यापक