प्रशिक्षण झाले, पुढे काय?

महोदय,

पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना ५ ते ७ दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतचे ई-व्हाउचर मिळते. चांगलेच आहे. पण पिढीजात सुताराला रंधा मारायला शिकवायची गरज थोडीच असते! त्याचे घोडे अडते ते दरपत्रक भरताना, थकलेली उधारी वसूल करताना, चार कारागीर जोडून मोठी ऑर्डर अंगावर घेताना. हे नेतृत्व आठवडाभरात अंगी येत नाही. अनुदानातला काही वाटा गटप्रमुखांना वर्षभर मार्गदर्शन देण्यासाठी राखून ठेवावा. प्रमाणपत्रवाटपाचे फोटो पुष्कळ छापून येतात. सहा महिन्यांनी कितीजणांचे काम वाढले, त्याचे आकडेही जिल्हावार जाहीर करावेत.

– एक वाचक