दूध तुटलेलं मूल

पुणे,
९ डिसेंबर

प्रिय भास्कर,

जय ख्रिस्त.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. ‘बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडतो, दोन वचनं वाचतो आणि मिटून ठेवतो. विश्वास संपला की काय, तेच कळेनासं झालंय.’ हे वाक्य मी चार-पाच वेळा वाचलं. लगेच फोन करणार होतो. पण फोनवर आपण दोघंही औषधं, मालिश, अर्धांगवायूनंतर वहिनींचा उजवा हात किती वर जातो, यातच अडकतो आणि खरं बोलायचं राहून जातं. म्हणून लिहायला बसलो आहे. इथे थंडी पडली आहे. देवळात नाताळच्या गाण्यांचा सराव सुरू झालाय, आणि यंदा तू पेटीवर नाहीस हे मला रोज जाणवतं.

तू विचारलंस, माझे भाऊ अण्णा गेले तेव्हा मी कसा सावरलो. तेव्हा मी तुला नीट सांगितलं नव्हतं. आज सांगतो.

एप्रिल २०२१. पुण्यात खाट मिळत नव्हती, ऑक्सिजन मिळत नव्हता. तो सगळा काळ तुला ठाऊक आहे. अण्णा घरात खोकत होते आणि मी सकाळपासून रात्रीपर्यंत फोन लावत होतो. एका दवाखान्यातून दुपारी ‘या’ म्हणून सांगितलं. रिक्षा घेऊन पोचलो तर खाट दुसऱ्याला दिली होती. तिसऱ्या दिवशी जागा मिळाली, तोवर फार उशीर झाला होता. आत कुणालाच सोडत नव्हते. रात्री नऊ वाजता नर्सताई फोन अण्णांच्या कानाशी धरायची आणि मी ९१ वं स्तोत्र म्हणायचो. काळोखात फिरणारी मरी तुझ्याजवळ येणार नाही, बाजूला हजार पडले, उजव्या हाताला दहा हजार पडले, तरी ती तुला शिवणार नाही. सहा रात्री म्हटलं. सातव्या सकाळी फोन आला.

भास्कर, त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी ते पान उघडलं नाही. रविवारी पंचहौदच्या देवळात जात होतो, उठत होतो, बसत होतो, ‘आमेन’ म्हणत होतो. तोंड हलायचं तेवढंच. भेटायला आलेल्या एका बाईंनी सांगितलं, ‘विश्वास थोडा कमी पडला असेल.’ मी काही बोललो नाही, पण ते शब्द किती तरी महिने छातीत रुतून होते. तुलाही आता कुणी तरी असं म्हणालं असणार, तुझ्या पत्राच्या सुरावरून वाटलं. तसं असेल तर ४४ वं स्तोत्र काढून वाच. तिथले लोक छातीठोकपणे सांगतात, आम्ही तुला विसरलो नाही, तुझा करार मोडला नाही, तरी कापायच्या मेंढरांसारखी आमची गत झाली. आणि मग चक्क देवाला म्हणतात, जागा हो, झोपलास का? विश्वास कमी पडला म्हणून हे झालं, असं त्या स्तोत्रात कुणीही म्हणत नाही. ज्यांनी ते पवित्र शास्त्रात ठेवलं त्यांनी विचार करूनच ठेवलं असेल.

आपल्या रास्ता पेठेतल्या वाड्यातली बेने इस्राएल, म्हणजे इथल्या ज्यूंपैकी, आजी आठवते ना? घरात आपल्यासारखंच मराठी बोलायची, आणि कुणी आजारी पडलं की दाराशी बसून हिब्रूत गुणगुणायची. ‘तेहिलीम म्हणतेय रे,’ असं सांगायची. तेहिलीम म्हणजे स्तवनं, आपली स्तोत्रसंहिता तीच. दीडशे स्तोत्रांच्या त्या पुस्तकात तक्रारीची, रडण्याची स्तोत्रंच सगळ्यांत जास्त आहेत, आणि तरीही त्याचं नाव स्तवनं. लहानपणी आपल्याला त्यात काही वेगळं वाटलं नाही. आता वाटतं.

९१ व्याकडे मी परत वळलो तो मत्तयाच्या शुभवर्तमानातून. रानात येशूची परीक्षा होते तेव्हा सैतान त्याला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, खाली उडी टाक, देवदूत तुला हातांवर झेलतील असं लिहिलंय ना? कुठे लिहिलंय? ह्याच ९१ व्या स्तोत्रात. लहानपणापासून तो भाग शंभरदा ऐकला असेल, पण अण्णांनंतर वाचला तेव्हा अंगावर काटा आला. मी त्या सहा रात्री नेमकं तेच करत होतो. स्तोत्र हातात धरून देवाला वचनात अडकवू बघत होतो. त्यात प्रेम होतं, अण्णांवरची माया होती, हे देवाला ठाऊक आहे आणि तो मला त्याबद्दल रागवलेला नाही, अशी माझी खात्री आहे. पण तो भरवसा नव्हता. येशूने उडी टाकली नाही. आणि पुढे वधस्तंभावर त्याच्या ओठांवर आलं ते २२ वं, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ आणि मग ३१ व्यातलं, तुझ्या हाती मी माझा आत्मा सोपवतो. ‘का’ विचारून झाल्यावर, उत्तर मिळालेलं नसतानाच, त्याने सोपवलं.

अण्णांची बायबल माझ्याकडे आहे. पीएमटीत कंडक्टर होते तेव्हापासूनची. खुणेला तिकिटंच घालायचे, ती पिवळी पडलेली तिकिटं अजून आत आहेत. ११९ वं ते असं वाचायचे की रोज आठच वचनं. हिब्रू वर्णमालेतल्या बावीस अक्षरांचे बावीस गट, प्रत्येकात आठ वचनं, एकूण १७६. बावीस दिवसांत एक फेरी पुरी, मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटचं तिकीट होतं अकराव्या गटात, बरोबर निम्म्यावर. तिथे लिहिलंय की तू मला कधी धीर देशील म्हणून वाट पाहता पाहता माझे डोळे शिणले, आणि मी धुरातल्या बुधल्यासारखा झालो आहे. चामड्याचा बुधला चुलीवर टांगला की धुराने सुकतो, काळा पडतो, आकसतो. श्वास लागलेल्या माझ्या भावाने दवाखान्यात जायच्या आधी वाचलेली शेवटची आठ वचनं ही होती. मी रात्री फोनवर त्यांना ९१ वं ऐकवत होतो आणि ते मनात हे घेऊन पडले होते. आपलं स्तोत्र कुठलं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं.

पुढच्या वर्षी मी एकटाच दौंडच्या गाडीने केडगावला गेलो. का गेलो, सांगता येणार नाही. घरात राहवत नव्हतं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या आवारात चिंचेखाली बसलो आणि रमाबाईंचा विचार करत राहिलो. आईवडील दुष्काळात गेले. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा गेला. एकुलती एक मनोरमा, सगळं काम जिच्या हाती सोपवायचं होतं, ती १९२१ मध्ये चाळिसाव्या वर्षी गेली. आणि ही बाई हिब्रू-ग्रीक मुळावरून बायबल मराठीत आणायचं काम धरून बसली होती, तेही खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत. जिला कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हटलं होतं, तिने संस्कृतचा भार मुद्दाम उतरवून ठेवला. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, भाषांतर पुरं करून. छापून आलं १९२४ मध्ये. लेकीला पुरल्यावरही ज्या बाईने ते काम खाली ठेवलं नाही, तिच्यासमोर ‘विश्वास कसा ठेवायचा?’ हा प्रश्न मला वेगळाच दिसायला लागला. तिला उत्तरं मिळाली असतील असं वाटत नाही. ती त्या देवाजवळ बसून राहिली, एवढं नक्की.

आता खरी गोष्ट सांगतो, जिच्यासाठी हे पत्र एवढं लांबलं.

गेल्या महिन्यात लेक आली होती, नातीचं दूध तोडायला. नात पावणेदोन वर्षांची. आमच्या हिने जुनाच उपाय केला, कडुनिंबाचा पाला वाटून लावायचा. पहिल्या रात्री पोरीने तोंड लावलं, चेहरा वाकडा केला आणि आईकडे असं पाहिलं की मला खोलीत थांबवेना. राग नव्हता त्या नजरेत, अविश्वास होता. तू? तूच? मग जो टाहो फोडला तो रात्री दोनपर्यंत. आई जवळ घ्यायची तर हात झटकायची, दूर ठेवलं तर आईसाठीच हंबरायची. तीन रात्री हेच. लेकही उशीत तोंड खुपसून रडत होती. दूध नाही म्हणणाऱ्या आईला काय होतं, हे मी त्याआधी कधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी लेक स्वयंपाकघरात फतकल मारून मेथी निवडत होती. नात आली. थोडा वेळ लांब उभी राहिली. मग मांडीवर चढली, पाठ आईच्या छातीला टेकवली, आणि बसली. ओढणी ओढली नाही, कुरकुर नाही. एक मेथीचं पान उचललं, पाहिलं, ताटात टाकलं. मग दुसरं. अर्धा तास त्या दोघी तशाच बसून होत्या. लेकीने एका हाताने पोरीचं पोट धरलं होतं आणि दुसऱ्याने निवडत होती.

मी उठून बायबल काढलं. १३१ वं स्तोत्र, तीनच वचनं. माझ्या आवाक्याबाहेरच्या मोठ्या गोष्टींत मी शिरत नाही, दूध तोडलेलं मूल आईजवळ असतं तसा माझा जीव माझ्याजवळ शांत आहे. किती वर्षं म्हणतोय हे! पण मी नेहमी डोळ्यांसमोर तान्हं मूल आणायचो, पोट भरून झोपलेलं. तसं नाहीच ते. तान्ह्या बाळाचा आईवर विश्वास असतो की नाही कुणी सांगावं, त्याला दूध हवं असतं. हे मूल वेगळं. याला हवं ते मिळालेलं नाही. हे रडून रडून थकलंय, का नाही मिळालं ते याला कुणी सांगितलेलं नाही, सांगितलं तरी कळणार नाही. तरी ते परत त्याच मांडीवर आलंय, आता दुधासाठी नाही, आईसाठी.

पाळकसाहेबांना हे सांगितलं तर ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, हिब्रूत दूध तोडण्याचा जो शब्द आहे त्याची धातू ग-म-ल. उपकार करणं यालाही तीच, आणि झाडावर फळ पिकतं त्यालाही तीच. १३ वं स्तोत्र घे म्हणाले. सुरुवातीला चार वेळा ‘किती वेळ?’ आणि शेवटच्या ओळीत, त्याने माझ्यावर उपकार केले, तिथे हाच शब्द. अब्राहामानेसुद्धा इसहाकाचं दूध तुटलं त्या दिवशी मोठी मेजवानी दिली होती. मला ते घरी येईपर्यंत पुरलं.

भास्कर, वहिनींना अर्धांगवायू देवाने दिला, असं मी म्हणत नाही. अण्णा का गेले तेही मला अजून माहीत नाही, आणि कुणी कारण सांगायला लागलं तर मी ऐकूनही घेत नाही. मी एवढंच सांगतोय की तुझं स्तोत्र उघडणं आणि मिटणं, हे विश्वास संपल्याचं लक्षण मला वाटत नाही. नात तीन रात्री हात झटकत होती आणि आईसाठीच रडत होती, तसं ते आहे. दुसऱ्या कुणाची मांडी ती शोधत नव्हती. तूही शोधत नाहीस. शोधत असतास तर पुस्तक उघडलंच नसतंस.

तेव्हा शांत व्हायची घाई करू नकोस. ८८ वं वाच हवं तर, ते अंधारातच संपतं, शेवटी उजेड नाही. ते वाचताना खोटं बोलावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र कर. वहिनींची वाचा गेलीय, पण पाठ असलेली गाणी कधी कधी अशा माणसाच्या तोंडून आपोआप निघतात, बोलता येत नसलं तरी. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना विचारून बघ, त्याही सांगतील. वहिनींना रेव्हरंड ना. वा. टिळकांची गाणी लहानपणापासून पाठ आहेत, २३ वंही पाठ आहे. तू नुसता सूर लाव आणि थांब. पुढची ओळ त्यांच्यावर सोड. नाही निघाली तर नाही. उद्या परत.

मी शनिवारी सकाळच्या एसटीने निघतोय, साडेअकरापर्यंत पोचेन. ही तिळाच्या वड्या देणार आहे, त्या वहिनींना चालतात का ते कळव. पेटीची धूळ पुसून ठेव. दुपारी त्यांच्या खाटेशी बसू, मी म्हणेन, तू वाजव, आणि त्या ऐकतील. दोन दिवस राहीन.

तुझा,
मधू